ही राणी न्हवं

कोल्हापूर, १ ऑगस्ट

दादा,

फोनवर मला ब्लॉक केलंयस. मेलवर ब्लॉक कसं करायचं ते तुला येत न्हाय, हे मला चांगलं ठाऊक हाय. तुझा मेल मीच काढून दिला होता, पासवर्डसकट. तेव्हा आता गप वाच.

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत न्हाय. आपली मोहरा म्हस विकली म्हणून विकली. तू ओमानला जाऊन बंदरावर क्रेन चालवायला लागलास, इकडं आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि माझी हॉस्पिटलात सकाळची ड्युटी. म्हशीची धार कोण काढणार होतं, एक्स-रे मशीन? तुला सांगितलं असतं तर नवी लागलेली नोकरी टाकून पुढच्या विमानानं आला असतास. म्हणून न सांगता राधानगरीच्या पावण्याला दिली. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा देईन. झालं, विषय संपला.

संपला कुठला म्हणा. येत्या दिवाळी पाडव्याला तुझ्या रागाला दोन वर्षं होतील. दर रविवारी आईला फोन करतोस आणि मी खोलीत पाऊल टाकलं की तुझी रेंज जाते. ओमानच्या टॉवरला माझ्या चपलांचा आवाज कळतो काय रं?

बरं, नवीन बातमी. मी फोटोंचा ब्लॉग चालवते. दिवसभर लोकांना एकच सांगत असते, श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका. म्हणून ब्लॉगचं नाव ठेवलं 'हलू नका'. गेल्या दिवाळीला सुरू केला. ड्युटी सुटली की कॅमेरा घेऊन भटकते. रंकाळ्याचा सूर्यास्त टाकला, पंचगंगेचा घाट टाकला, पावसातली कमान टाकली, मिसळीची तर्री टाकली. परवा सबिना, म्हणजे आमच्या एक्स-रे काउंटरवर नंबर लावते ती, सगळं बघून म्हणाली, "फोटो एकदम झकास हैत गं. पण ह्याचं करायचं काय?"

मला एवढा राग आला की दुपारभर तिच्याशी बोलले न्हाय. तुला माझा राग ठाऊक हाय. घरी येऊन ब्लॉग पहिल्यापासून बघितला आणि कळलं, बाई खरं बोलतीया. मी हाडाचा फोटो काढते तेव्हा कुणाचं तरी काम होतं. मोडलंय की शाबूत हाय ते कळतं. माझ्या रंकाळ्यानं कुणाला काय कळतं? कोल्हापुरात ज्याच्या हातात फोन हाय त्यानं रंकाळ्याचा सूर्यास्त काढलाय.

पाडव्याला ब्लॉगला वर्ष होतंय. तोवर हा उद्योग कशासाठी ते कळलं तर ठीक, न्हायतर बंद करणार. आणि तोवर तू माझ्याशी बोललास तर ठीक, न्हायतर... न्हायतरचं अजून ठरवलं न्हाय.

ब्लॉग कोण बघतं ते मला मागून दिसतं. सबिना बघते. आईला मीच धरून दाखवते. आणि रोज ओमानमधून कोण तरी बघतं. कोण ते मी विचारत न्हाय.

तुझी (की न्हाय, ते तू ठरव)
स्वप्नाली


कोल्हापूर, २२ ऑगस्ट

दादा,

आज हॉस्पिटलात माझी जी शोभा झाली ती ऐक, आणि हसणार असशील तर मोठ्यानं हस, म्हणजे मला इथपर्यंत ऐकू येईल.

गेल्या आठवड्यात ड्युटीच्या आधी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गेलते. सकाळची वेळ, म्हशी ओळीनं उभ्या, लोक पेले धरून बसलेले, समोर धार काढायची आणि फेसासकट प्यायचं. उजेड असा पडला होता की काय सांगू. मी म्हशींचे नुसते चेहरे काढले. डोळे, पापण्या, ओलं नाक. आणि शहाणपणा केला तो असा, की प्रत्येक फोटोखाली नाव लिहिलं. अमक्यांची गंगा, तमक्यांची पाखरू. एकीखाली लिहिलं, 'आकाराम तात्यांची राणी'.

आज अकराच्या सुमाराला एक्स-रेच्या दारात आरडाओरडा. बघते तर आकाराम तात्या. पटका बांधलेला, मिश्या थरथरतायत. "कुठाय ती फोटोवाली?" मी पुढं झाले. तात्यांनी फोन माझ्या नाकाला लावला. "ही राणी हाय? ही? माझ्या राणीच्या नावाखाली दुसऱ्याची म्हस लावलीस? चार माणसांत तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस की गं!"

मी म्हटलं, "तात्या, चूक झाली, दोन्ही काळ्याच..."

दादा, एवढं बोलायला नको होतं.

"काळ्याच? तुझी आई आन् शेजारीण दोघी लुगडंच नेसतात, म्हणून कुणालाबी आई म्हणशील काय?"

रांगेत बसलेले सगळे पेशंट उठून आले. मनगट मोडलेला एक जण म्हणाला, राणीचं शिंग मागं वळतं, हिचं बघा कसं सरळ हाय. पायाला प्लास्टर घातलेली एक आजी म्हणाली, म्हशीच्या नाकपुडीवरनंच तिला कळलं होतं. डॉक्टर बाहेर आले तर त्यांच्यापुढंही फोन धरला. ते बिचारे नागपूरचे. म्हणाले, मला माफ करा, मला खरंच यातलं काही समजत नाही. तात्यांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं की डॉक्टर आत जाऊन बसले.

शेवटी सबिनानं तात्यांना चहा पाजला आणि मी फोटो काढून टाकायला ब्लॉग उघडला. तर त्या फोटोखाली एक ओळ आली होती. नाव न्हाय, गाव न्हाय.

'ही राणी न्हवं. मोहरा हाय. डावा कान बघ.'

मी फोटो मोठा करून बघितला. म्हस उजव्या बाजूनं घेतलेली, डावा कान मागं जरासाच दिसतोय. कानाला खाच हाय. त्या खाचेबद्दल मी इथं काही लिहिणार न्हाय.

दादा, मी आपल्या घरच्या म्हशीसमोर उभी राहिले, तिच्या डोळ्यात कॅमेरा घातला आणि तिला दुसऱ्याचं नाव दिलं. तू म्हणशील, ह्या पोरीनं गोठ्यात कधी पाय ठेवला असता तर ओळखली असती. मला शेणाचा वास सहन होत न्हाय, हे तुला पहिल्यापासून ठाऊक हाय. पण ती ओळ वाचून मी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन रडले. सबिनाला वाटलं तात्यांच्या बोलण्यानं. दोन वर्षांत तू मला बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि तेही माझी चूक काढायला. तरी चालेल. रोज एक चूक करीन.

स्वप्नाली


कोल्हापूर, ११ सप्टेंबर

दादा,

मोहराचा पत्ता लागला. राधानगरीच्या पावण्यानं ह्या उन्हाळ्यात ती आपल्याच पेठेमागच्या ज्ञानू काकांना दिली. एवढ्या जवळ होती आणि मला पत्ता न्हाय. मी जाऊन आले. चांगली हाय, अंगानं भरलीया, दोन वेळचं दूध देते. ज्ञानू काका तिला पोरीसारखं बघतात. मी लांबनंच बघितलं.

काकांचं एक दुखणं हाय. पाडव्याला सगळ्या पेठेच्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलमागं पळतात आणि ही बया पळत न्हाय. गेल्या महिन्यात मोकळ्या मैदानात तालीम केली. काका गाडीवर बसले, हाका मारून घसा बसला. मोहरा उभी, रवंथ करत. "मला म्हाताऱ्याला जगात हसं केलंय हिनं," म्हणाले. "तुझ्या भावामागं कशी पळायची गं? वाऱ्यासारखी." मी विचारलं, परत देता का? तर म्हणाले, "म्हस द्यायची न्हाय. पण तुझा भाऊ पाडव्याला आला तर दावं त्याच्या हातात देतो. तेवढा एक दिवस ती त्याची."

हे तुला सांगितलं. आता दुसरं.

तात्यांच्या भांडणाची गोष्ट मी ब्लॉगवर जशीच्या तशी लिहिली, आणि खरी राणी, तात्यांना शेजारी उभं करून, दोन्ही कान दिसतील अशी काढली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून तात्यांच्या पुतण्याचा, पृथ्वीराजचा मेल. तिथं कंपनीत हाय. लिहितो, 'ताई, आईचा रोज व्हिडिओ कॉल होतो. म्हशीचा कोण लावून देतंय? राणीला वर्षानं बघितलं. ऑफिसात डोळ्यात पाणी आलं, मॅनेजर विचारायला लागला काय झालं, आता त्याला काय सांगू?'

मग सुरतेहून एकाचा आला. मग एक बाई, लग्न होऊन हैदराबादला गेलेली, तिच्या माहेरच्या रेडकाला मी बघून येऊ का म्हणून. त्या रेडकाला तिनं बाटलीनं दूध पाजलं होतं. मी उचगावला जाऊन काढून आणलं. ती फोनवर हसत होती की रडत होती ते कळेना, दोन्ही एकदमच चाललं होतं.

सबिना म्हणाली, "घे, आता बोल, ह्याचं करायचं काय?" आता दर गुरुवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, कुणाच्या तरी गोठ्यात असते. लांब गेलेल्या माणसाच्या घरचं जनावर काढते आणि खाली लिहिते, खाऊनपिऊन बरी हाय, काळजी करू नका. एक्स-रेच्या रिपोर्टसारखंच हाय बघ, सगळं शाबूत. म्हशीला पण म्हणते, बाई, श्वास घे, हलू नको. ती हलतेच.

आकाराम तात्यांनी स्वतःहून तपासनीसाचं पद घेतलंय. त्यांनी बघून मान हलवल्याशिवाय एक फोटो चढवायचा न्हाय असा हुकूम हाय. आणि तपासनीस दुसरा पण हाय. प्रत्येक फोटोखाली तुझी बिननावाची ओळ येते. 'पेंड कमी पडतीया.' 'शिंगाला तेल लावा.' 'हिचा पाय दुखतोय, उभी कशी हाय बघा.' काल त्या पाय दुखणाऱ्या म्हशीच्या मालकानं खूर बघितला तर खरंच खिळा निघाला. सगळी पेठ विचारतीया हा ओमानवाला डॉक्टर कोण. मी म्हणते, हाय एक रुसलेला.

सगळ्यांच्या म्हशींची चौकशी करतोस. माझी एकदा तरी कर की. माझा पण पाय दुखतो.

स्वप्नाली


कोल्हापूर, १२ ऑक्टोबर

दादा,

आबांची राजदूत चालू झाली! आबा गेल्यापासून पोत्याखाली उभी होती. उजैर मेकॅनिक तीन रविवार तिच्यामागं होता. आज किक मारली आणि सायलेन्सरची पुंगळी काढलेली असल्यामुळं असा आवाज झाला की आई देवापुढनं उठून बाहेर आली. "तुमचं आबा आलं की काय गं," म्हणाली, आणि मग दोघी दारात उभ्या राहून हसत बसलो.

दादा, आता सरळ लिहिते. आडून आडून लिहायचा मला कंटाळा आलाय.

ये. पाडवा बावीस तारखेला हाय. गाडी तयार हाय, ज्ञानू काका दावं हातात द्यायला तयार हैत. हुपरीहून मोहरासाठी चांदीचे तोडे आणलेत त्यांनी, घरातल्या बायका बघत राहिल्या. फक्त तू न्हाईस. आई म्हणते तुला रजा मिळंना. ते खरं असेल. पण रजा मागितलीस का, ते मला खरं सांग.

मी माफी मागणार न्हाय म्हणाले होते. अजून मागत न्हाय. पण मला तू पाहिजेस, हे लिहायला मला लाज वाटत न्हाय. भांडायला तरी ये. घरात भांडायला कुणी न्हाय, आई लगेच ऐकते, त्यात काय मजा हाय?

ब्लॉगच्या नावाचे पुढच्या वर्षाचे पैसे भरले मी. म्हणजे तो प्रश्न सुटला. आता तुझाच राहिलाय.

स्वप्नाली


कोल्हापूर, २२ ऑक्टोबर, पाडवा, संध्याकाळ

दादा!

घाईत लिहिते, चुका झाल्या तर सांभाळून घे.

सकाळी आंघोळ करून आले तर तुझा मेल. उघडायच्या आधी मी आईला हाक मारली, सबिना फराळाला आलती तिला पण बोलावलं. मेल कोरा. आत नुसता आवाज. मला वाटलं, दोन वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी बोलणार. लावला तर काय, "मोहरेऽऽ! ये बाय माझी! हुऽऽर्र हो, हो, हो!"

आई हसून हसून खुर्चीत बसली. सबिना म्हणाली, "दोन साल रुककर ये बोला?" मी म्हटलं, बोलला तर खरं. आणि तो आवाज घेऊन पळत ज्ञानू काकांच्या गोठ्यात गेले.

गोठ्यात गेले, दादा. आत. दारात न्हाय.

मोहरा सजलेली. अंग भादरून तेल लावलेलं, शिंगं रंगवलेली, मोरपिसं, गळ्यात कवड्या, पायात तोडे. मी फोन तिच्या कानाशी धरला. रवंथ थांबला. दोन्ही कान उभे, खाचेचा पण. मग तिनं अशी रेकून साद दिली की ज्ञानू काकांनी डोळ्याला उपरणं लावलं. म्हणाले, "वळखलं की गं लेकरानं."

पेठेत ही गर्दी! हलगी कडाडतीया, म्हशी नटून उभ्या, पोरं घरांच्या गच्चीवर. आकाराम तात्यांची राणी एकदम झोकात पळाली, तात्या मिशीला पीळ देत माझ्याकडं बघतायत, आता ओळख म्हणून. मग आमचा नंबर. राजदूतवर मी बसले. उजैर म्हणाला, ताई तुम्ही? मी म्हटलं, व्हय, मी, दुसरं कोण हाय? फोन हँडलला बांधला, किक मारली, आणि त्या पुंगळीच्या आवाजात तुझा आवाज गेला की वाहून! मलाच ऐकू येईना, मोहराला काय येणार?

मोहरा उभी. रवंथ.

कुणीतरी हसलं. ज्ञानू काकांनी मान खाली घातली. माझ्या डोक्यात सणक गेली. मागं वळले आणि तुझ्यासारखी, बेंबीच्या देठापासून ओरडले, "मोहरेऽऽ! ये बाय माझी! हुऽऽर्र हो!" एकदा. न्हाय. दुसऱ्यांदा. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं. तिसऱ्यांदा ओरडताना माझा आवाज फाटला, आणि दादा, ती सुटली! शेपटी उभी, तोडे वाजतायत, माझ्या मागच्या चाकाला नाक लावून! पेठ उठून उभी राहिली. मी ओरडत होते, रडत होते, गाडी कशी चालवली देवाला ठाऊक. चौकाच्या पुढं जाऊन थांबले तर तिनं येऊन माझ्या पाठीवर डोकं घासलं, नवीन ड्रेस सगळा तेलानं माखला. नाद खुळा!

फोटो सबिनानं काढलाय. ब्लॉगवर चढवलाय, तात्यांना न विचारता. जरा हललाय. खाली लिहिलंय, 'विजयसिंह यांची मोहरा. आणि पुढं गाडीवर त्यांची बहीण.'

आज मला काय नको. फक्त तू बघ.

स्वप्नाली


सोहार, ओमान, २३ ऑक्टोबर

स्वप्ने,

मला लिवायला जमत न्हाय, तू हसशील. हस.

फोटो बघितला. हललाय. पर डावा कान दिसतोय, बास झालं. हितं माझ्याबरूबर एक केरळचा हाय, एक पाकिस्तानातला हाय, दोघांना दावला. पाकिस्तानवाल्याच्या घरी चार म्हशी हैत, त्यो म्हणला, भाई, मेरे घर का फोटो भी निकलवा दो. त्याला म्हणलं, बहिणीला सुट्टी फकस्त गुरुवारी असती.

रजा मागितली नव्हती. खरं सांगतो. आता मागितलीया, मे म्हैन्यात मिळतीया.

तू लिवतीस शेणाचा वास येतो म्हणून गोठ्यात येत न्हवतीस. कुणाला सांगतीस? मोहरा रेडकू हुती, कुंपनाच्या तारंत अडकली, घरात कोण नव्हतं. तू एकटीनं वढून काढलीस. कान फाटला, तुझं हात रक्तानं भरलं, आन् तवापासनं तू गोठ्यात आली न्हाईस. तिला आपण दुखावलं म्हणून. मला ठाऊक हाय की. अगं, कान फाटला पर जीव ऱ्हायला. फोटोत मी तिला कशावरनं वळखली? त्या खाचंवरनं. ती तुझ्या हातची हाय.

म्हस इकल्याचा राग चार दिवसांत गेला हुता. आईचं आपरेशन, घर, नोकरी सगळं एकटीनं वढलंस आन् मला कळू दिलं न्हाईस, त्याचा गेला नव्हता. तूबी तवा मला हाक मारायची हुतीस. काल मारलीस तशी.

गाडी दुसऱ्या गिअरात वढत हुतीस, फोटोत धूर दिसतोय. आबा असते तर कान धरला असता.

ब्लॉक काढलाय. आत्ता फोन लाव, व्हिडिओवर. ज्ञानू काकाच्या गोठ्यात जा, आत, आन् तितनं लाव. आधी मोहरा दाव. मग तू.

दादा